डोळे मिटा, हात दाखवा

आमच्या स्टाफरूममध्ये दाराजवळची खुर्ची निकम मॅडमची. पंख्याचा वारा तिथवर पोचत नाही, शिवाय दार उघडलं की खुर्चीला धडकतं, त्यामुळे तिच्यासाठी कधी भांडण झालं नाही. मॅडमना मात्र तीच हवी असे. बाहेरून जाणारा पोरगा तिथून बरोबर हाताला लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

एकदा नवापूरच्या बसने आलेला एक पोरगा असाच सापडला.

"काय रे, बसने ब्रेक मारला की तू पुढे का पडतोस?"

"धक्का बसतो, मॅडम."

"कोण देतं धक्का?"

"बस देते."

"बस तर थांबायला बघतेय. ती तुला पुढे कशाला ढकलेल?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग मागून कंडक्टर ढकलत असेल. जा, उद्या विचारून ये त्याला."

पोरगा हसत गेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून खुर्चीपाशी आला. मॅडमची शिकवणी अर्धी वर्गात आणि अर्धी अशी दारात चाले.

मी त्याच कॉलेजात गणित शिकवतो. नंदुरबारहून धानोऱ्याकडे जाताना आमचं इंजिनीअरिंग कॉलेज लागतं. हिवाळ्यात आसपासच्या पथारींवर, म्हणजे मोकळ्या मैदानांवर, मिरची वाळत पडलेली असते आणि वारा फिरला की अख्खा वर्ग शिंकतो. मॅडम तिथे पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवायच्या. ठेंगणा बांधा, सुती साडी, आणि खांद्याला एक मोठी कापडी पिशवी. त्या पिशवीत डब्याशेजारी रबरी चेंडू, सुतळी, खिळे, लोहचुंबक आणि फुटलेल्या आरशाचा तुकडा असे. एकदा डब्यातल्या भाकरीला खिळा चिकटून आला तेव्हा त्यांनी तो काढून पुसला, पिशवीत ठेवला आणि जेवण पुढे चालू केलं.

पोरं त्यांना पाठीमागे 'झोका मॅडम' म्हणायची. हे नाव त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं.

नाव पडलं ते पहिल्या तासामुळे. दरवर्षी पहिल्या तासाला मॅडम फळ्यावर निंबाचं झाड काढायच्या आणि त्याला आखाजीचा झोका टांगायच्या. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खान्देशात हा सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, गल्लोगल्ली झोके बांधले जातात, दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहून गाणी म्हणत झोका आभाळाला लावतात. वर्गातल्या प्रत्येकाने तो घेतलेला किंवा निदान पाहिलेला असतोच. मॅडम झोका एका टोकाला, पार वर नेऊन थांबवायच्या आणि विचारायच्या, "इथे झोका क्षणभर थांबतो. पुढे जात नाही, मागे येत नाही. या क्षणी त्याच्यावर एकूण बल कुठल्या दिशेला आहे? तोंडाने बोलायचं नाही. डोळे मिटा, हात दाखवा. बल नसेलच, तर मूठ वळून मांडीवर ठेवा."

पोरं डोळे मिटायची. जवळजवळ सगळ्यांच्या मुठी मांडीवर. झोका थांबला म्हणजे बल नाही, यात विचारायचं काय! दोन-चार हात वर आभाळाकडे, एखादा समोर. खाली, झोक्याच्या मधल्या जागेकडे बोट दाखवणारा हात वर्षाआड एखादा निघायचा.

"आता डोळे उघडा," मॅडम म्हणायच्या. पोरं एकमेकांकडे बघायची. बहुतेक मुठी पाहून मुठीवाले निर्धास्त व्हायचे आणि वेगळे हात गुपचूप खाली जाऊन त्यांच्याही मुठी व्हायच्या.

"म्हणून डोळे मिटायला सांगते," मॅडम म्हणायच्या. "तोंड पाठ केलेलं बोलतं, डोळे शेजाऱ्याचं बघतात. हात तेवढा आपला असतो."

बरोबर कोण, चूक कोण, हे त्या दिवशी सांगायचं नाही हा त्यांचा नेम. आपला हात ध्यानात ठेवा, एवढं बजावून त्या निघून जायच्या. पुढे तीन आठवडे तोच झोका. थांबलेल्या वस्तूवर बल असू शकतं, आणि पळणाऱ्या वस्तूला पुढे ढकलणारं कुणी असावंच लागतं असं नाही, या दोन गोष्टी पोरांच्या गळी उतरेपर्यंत मॅडम पुस्तकाचं पान उलटत नसत.

मला हे सगळं पोरखेळ वाटे. मी नवा होतो, अंगात रग होती. एकदा मी स्टाफरूमच्या फळ्यावर झोक्याचं समीकरण मांडलं आणि सोडवून दाखवलं. मॅडमनी ते नीट पाहिलं. "सुंदर," म्हणाल्या. "आता डोळे मिटा, देसले सर, आणि हात दाखवा."

मी डोळे मिटले आणि झोकात मूठ मांडीवर ठेवली. मी डोळे उघडले तेव्हा त्या माझ्याच समीकरणातल्या, झोक्याला मधल्या जागेकडे ओढणाऱ्या बलाच्या चिन्हावर खडू टेकवून उभ्या होत्या. झोका मधोमध असताना ती संख्या शून्य होत होती आणि टोकाला सर्वांत मोठी. उत्तर माझ्याच अक्षरात होतं! मॅडम पोट धरून हसल्या आणि मलाही हसू आलं. तेव्हापासून मी त्यांचा वकील झालो.

वकील लागणारच होता, कारण मॅडमचा निकाल कमी लागे. त्या महत्त्वाचे प्रश्न काढून देत नसत. शेजारच्या कॉलेजात पोरं ठरावीक प्रश्न घोकून पास व्हायची आणि आमची पोरं झोक्यावर बसलेली! प्राचार्य म्हणायचे, "मॅडम, पेपरात झोका येत नाही हो." मॅडम म्हणायच्या, "पुलावर येतो ना, सर. क्रेनवर येतो. तिथे ही पोरं उद्या सही करणार आहेत."

रोशनी गावितची गोष्ट इथे सांगायला हवी. नवापूरकडच्या डोंगरातली ख्रिस्ती शेतकरी घरातली पोरगी, हॉस्टेलवर राहणारी. न्यूटनचे तिन्ही नियम इंग्रजीत असे घडाघडा म्हणायची की ऐकणाऱ्याने हात जोडावेत. गणित आलं की मात्र गाडी अडायची. एके दिवशी मॅडमनी तिला खुर्चीपाशी बसवलं. "हे नियम तुझ्या आईला सांगायचे झाले तर कसे सांगशील? तुमच्या घरी बोलता तसं सांग."

"मॅडम, आम्ही घरी कोकणी बोलतो, आमची डोंगरातली. तुम्हाला कळणार नाही."

"मला कुठे शिकायचंय? तू सांग."

रोशनी लाजत लाजत सुरू झाली. आधी अडखळली, मग रंगली. विहिरीतून बादली ओढताना दोर हाताला कसा लागतो, ते हातवारे करून सांगू लागली. मॅडमना एक अक्षर कळत नव्हतं. त्या फक्त तिच्या हातांकडे बघत होत्या. मध्येच त्यांनी तिचा पंजा पकडला. "इथे! इथे तुझा हात चुकीच्या बाजूला वळला. पुन्हा ओढ बादली." रोशनीने मनातल्या मनात पुन्हा बादली ओढली, थांबली, आणि हात उलटा फिरवला. पोरगी स्वतःशीच हसली. पुढे ती गणितं सोडवू लागली आणि मॅडमच्या मागे सावलीसारखी फिरू लागली.

मॅडमच्या नोकरीचं एकच वर्ष उरलं, तेव्हा गोष्ट निकराला आली. संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब. मोठे बागायतदार, तापीकाठी केळी-पपई, तरुणपणी स्वतः इंजिनीअर झालेले आणि नंतर शेतीत रमलेले. माणूस दिलदार, पण शब्द खाली पडू द्यायचा नाही. त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. मी सोबत होतो.

"मॅडम, तुमनं एक वरीस राह्यनं," बापूसाहेब म्हणाले. मोकळेपणाने बोलायचं असलं की ते अहिराणीत बोलत. "आते कसाले तरास? परीक्षा विभाग लई ल्या. पहिलं वरीस नवा सरले देऊत. निकाल तरी वर येई."

"बापूसाहेब, मला शेवटची बॅच द्या," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या तासाला फळ्यावर झोका काढून मग घरी जाईन. कागद मोजत नाही जायचं मला."

एवढं मागणं त्यांनी कधी कुणाकडे केलं नव्हतं. बापूसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आखाजी व्हऊ द्या. मंग सांगस," म्हणाले.

मॅडमचं माहेर कोरीट. आखाजीला त्या दरवर्षी तिथे जात आणि घरी जाऊ न शकलेल्या हॉस्टेलच्या मुलींनाही नेत. त्या वर्षी रोशनी होती, आणि मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. मॅडमचे भाऊ रमेशभाऊ हे बापूसाहेबांचे शाळेतले दोस्त, म्हणून बापूसाहेबही त्या घरी आखाजीला आमरस आणि मांडे खायला येत. यंदा त्यांच्यासोबत लेक कोमल होती. नुकतंच लग्न झालेलं, पहिली आखाजी. पहिल्या आखाजीच्या लेकीचा थाट काही औरच असतो. नवी साडी, हातभर बांगड्या. रमेशभाऊंच्या मुलीबरोबर तिला अंगणातल्या निंबाच्या झोक्यावर उभं राहायचं होतं आणि गल्लीतल्या बाया गाणी म्हणायला जमल्या होत्या.

आत चुलीपाशी रमेशभाऊंनी बहिणीला बजावलं. मी पाणी प्यायला गेलो होतो म्हणून ऐकलं. "आज बापूले नाराज करू नको, बहीन. तुन्हं काम त्यान्हाच हातमा शे."

"माले माहीत शे, भाऊ," मॅडम म्हणाल्या.

झोका बांधला की तो तपासायची आमच्याकडे एक रीत आहे. घरातले गडी फळीवर चढून दोराला लटकतात. दोराने त्यांना पेललं की मग लेकी-सुना बसतात. दोर मागच्या वर्षीचा, माळ्यावरून काढलेला होता. रमेशभाऊ, त्यांचा सालदार आणि खुद्द बापूसाहेब असे तिघं दणकट पुरुष फळीवर उभे राहून लटकले. दोर हलला नाही की कुरकुरला नाही.

"तीन गडी पेलना!" रमेशभाऊ म्हणाले. "बसा व पोरीहोन."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "कोनी बसानं नही."

गाणी थांबली. मॅडम फांदीजवळचा दोर निरखत होत्या. घासून तिथे थोडे धागे सुटले होते.

बापूसाहेब हसले. "मॅडम, तीन गडीसनं वजन जास्त, का दोन पोरीसनं?"

"गडी उभ्या उभ्या लटकेल व्हतात. पोरी झोका लेतीन."

"मंग? झोका लिधा म्हनजे वजन वाढस का?"

"वजन तितलंच ऱ्हास. दोरवर ताण वाढस. झोका खाले येस तवय दोरले नुसतं तोलनं नही, पोरीसले परत वर फिरावनं बी पडस. उंच झोका लिधा ते दुप्पट, तिप्पट ताण बसस."

"अहो, मी बी इंजिनीअर शे," बापूसाहेब म्हणाले. आवाज जरा चढला. "मधोमध दोर सरळ ऱ्हास. तठे कसाना ताण?"

इंजिनीअर माणसाचीच चूक ती. दोर सरळ, फळी खाली, सगळं सोपं दिसतं, म्हणून ताण फक्त वजनाइतका. माझ्याही मनात क्षणभर तेच आलं.

मॅडमनी रोशनीला पुढे बोलावलं. "रोशनी, डोळे मिट. उंच झोक्यावर उभी आहेस. फळी पायाला सगळ्यात जोरात कुठे लागते?"

रोशनीने डोळे मिटले. गुडघे जरासे वाकले. मग तिने बोट सरळ खाली, जमिनीकडे केलं. "इथे, मॅडम. मधोमध. तिथे पाय दाबले जातात."

"पायले काय समजस?" बापूसाहेब म्हणाले. "चाल कोमल, बठ."

रमेशभाऊंनी बहिणीकडे हात जोडल्यासारखं पाहिलं. त्या एका नजरेत पुढचं अख्खं वर्ष होतं आणि मॅडमना ते दिसलं नसेल असं मला वाटत नाही. त्या सरळ चालत गेल्या, फळीवर बसल्या आणि दोन्ही दोर घट्ट धरले. झोका जागचा हलू दिला नाही.

"मी उठस नही. नुसतं बसनारले हाऊ दोर पेलस, ते माले माहीत शे. तुमनी आंडेरले, कोमलले, मी ह्यावर झोका लेवू देवाव नही. घरमाईन गहूना दोन पोता आना. पोरीसनाइतलंच वजन. त्या पोता आधी झोका लेतीन."

बायांमध्ये खसखस पिकली. बापूसाहेबांचा चेहरा लाल झाला होता, पण दोस्ताच्या अंगणात एका बाईला फळीवरून ओढून उठवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पोती आली. फळीला करकचून बांधली. दोन गड्यांनी ती मागे, उंच, पार छपराच्या उंचीपर्यंत ओढली आणि सोडली.

पोती झपकन खाली आली. बरोबर मधोमध, जिथे दोर अगदी सरळ होता, तिथे फाट्दिशी आवाज झाला आणि दोर तुटला. फळीसकट पोती अंगण ओलांडून फाटकावर आदळली. एक पोतं उसवलं आणि गहू गल्लीपर्यंत पसरला.

कोंबड्या गव्हाकडे धावल्या. बापूसाहेबांनी कोमलचं मनगट धरलं होतं आणि ते सोडायचं त्यांना सुचत नव्हतं. इतक्या वर्षांचं ते समीकरण, त्याची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

रमेशभाऊंनी नवा दोर आणला. मॅडमच्या सांगण्यावरून आधी चार पोत्यांनी झोका घेतला, मग कोमलने. गाणी पुन्हा सुरू झाली. बापूसाहेब खाली मान घालून आमरस जेवले आणि निघाले. झोक्याबद्दल बोलले नाहीत, कॉलेजबद्दलही नाही. मॅडमनी तुटका दोर गुंडाळून आपल्या पिशवीत घातला.

"गया तुन्हं पहिलं वरीस," रमेशभाऊ म्हणाले.

"जाऊ दे. पोर घर गयी," मॅडम म्हणाल्या आणि गहू गोळा करायला खाली बसल्या.

मे गेला, जून गेला. निरोप नाही. मॅडम दाराजवळच्या खुर्चीत बसून पोरं अडवत राहिल्या, पण पिशवीतला चेंडू बाहेर निघेना. ऑगस्टमध्ये वेळापत्रक लागलं. मी गर्दीत घुसून वाचलं. पहिलं वर्ष, भौतिकशास्त्र, सगळ्या तुकड्यांपुढे एकच नाव, निकम मॅडम. मी स्टाफरूमकडे अक्षरशः पळालो. मॅडमनी ऐकलं, चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. "खडू आहे का हो नवा?" म्हणाल्या.

पहिल्या तासाला माझा तास मोकळा होता, म्हणून मी मागच्या दारात उभा राहिलो. मॅडमनी निंब काढला, झोका काढला. तेवढ्यात माझ्या खांद्याला कुणीतरी हलकेच बाजूला सारलं. बापूसाहेब. पांढरा सदरा, हातात टोपी. वर्ग उठायला लागला तसा त्यांनी हातानेच सगळ्यांना बसवलं आणि ते शेवटच्या बाकावर, पोरांच्या रांगेत, अंग चोरून बसले.

मॅडमनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "डोळे मिटा, हात दाखवा."

सगळ्या वर्गाने डोळे मिटले, बापूसाहेबांनीही. पटापट मुठी मांड्यांवर गेल्या. बापूसाहेबांचीही मूठ वळली. मॅडम रांगेतून सावकाश चालत येत होत्या. खांद्यावर तो तुटका दोर होता. बापूसाहेबांचं कपाळ आकसलं. कदाचित ते अंगण आठवलं असेल, मागे उंच ओढून धरलेली ती पोती, सुटण्याआधीची. मूठ हळूहळू उघडली. हात मांडीवरून उचलला आणि खाली, झोक्याच्या मधल्या जागेकडे, वळला. सबंध वर्गात तो एकटाच हात तिकडे होता.

"आता डोळे उघडा," मॅडम म्हणाल्या.

बापूसाहेबांनी डोळे उघडले. आजूबाजूला नुसत्या मुठी. पंचक्रोशीला धाकात ठेवणारा तो माणूस गोंधळला, आणि पहिल्या वर्षाच्या पोरासारखा हात झटकन मागे घेऊन त्यांनी मूठ मांडीवर ठेवली.

पहिल्या दिवशी बरोबर-चूक सांगायचं नाही, हा मॅडमचा नेम मी कधी मोडलेला पाहिला नव्हता. त्या बाकापाशी थांबल्या.

"आधीना हात बरोबर व्हता, बापूसाहेब. ठेवा तसाच."

बापूसाहेबांनी वर पाहिलं. मग त्या सगळ्या पोरांदेखत त्यांनी हात पुन्हा लांब केला आणि तसाच धरून ठेवला. मॅडम दोर सावरत फळ्याकडे निघाल्या. त्या वर्षअखेर त्या निवृत्त झाल्या, पण मला त्या आठवतात त्या अशाच, पाठमोऱ्या, झोक्याकडे चालत गेलेल्या.